खिडकीच्या आत बसलेला माणूस

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

कॉलेजच्या ऑफिसात एक खिडकी असते. लोखंडी गज, त्याखाली हात आत जाईल एवढी फट आणि वर रंग उडालेली पाटी : परीक्षा विभाग. परीक्षेचे फॉर्म सुटले की या खिडकीसमोर झुंबड उडते. मी जवळा बाजारचा, म्हणजे बाजाराची गर्दी मला नवी नाही. पण त्या गर्दीत एखादा पोरगा असा असतो, जो मागच्याला पुढं जाऊ देतो. त्याच्याही मागच्याला जाऊ देतो. शेवटी खिडकी रिकामी होते, तरी हा खांबाला टेकून उभाच. आपण विचारतो, "काय रे, फॉर्म भरायचा का?" तो म्हणतो, "उद्या भरतो, चाचा." आणि निघून जातो. आपण चलनांचा हिशेब जुळवायला लागतो.

आजचं बोलणं त्या पोराविषयी आहे, आणि त्याहून जास्त खिडकीच्या आत बसलेल्या माणसाविषयी आहे. मी त्या आतल्या बाजूला जवळजवळ तीस वर्षं काढली. आधी ऑफिसात, मग ग्रंथालयात. शिक्षण बी.ए., हुद्दा छोटा, कविता करतो म्हणून चार लोक ओळखतात. मानसशास्त्र मी शिकलेलो नाही. त्यामुळं उपदेश करण्याआधी स्वतःची एक चूक सांगतो.

२०१२ सालची गोष्ट. त्या वर्षी मराठवाड्यावर पाऊस रुसला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा होता. वडिलांचं कोरडवाहू वावर, हा खोली करून राहायचा, दोघांत एक खोली. कविता करायचा. एक दिवस त्यानं दोनशे पानी वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "चाचा, जमलं तर बघा." मी वही घरी नेली, रात्री लाल पेन घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. एका गझलेत मात्रा घसरत होत्या, त्या सावरल्या. शेवटच्या आठ-दहा कवितांत तो एकाच गोष्टीभोवती फिरत होता : झोपून जाण्याविषयी, घरातलं एक ताट कमी होण्याविषयी. मला वाटलं, वय आहे, दुःखाची हौस आहे. या वयात आम्ही काय वेगळं लिहीत होतो? समासात मी शेरा मारला : प्रतिमा चांगली, पुनरुक्ती टाळावी.

पुढच्या आठवड्यात तो आला आणि ग्रंथालयाची पुस्तकं जमा करून गेला. मुदत संपायला बारा दिवस होते. दंड न लागता पुस्तकं आणून देणारा विद्यार्थी ग्रंथालयवाल्याला किती प्रिय असतो, हे तुम्हाला काय सांगू! मी त्याचं कार्ड मोकळं केलं. वही परत न्यायची त्याला आठवण राहिली नाही, आणि ती द्यायची मलाही राहिली नाही.

आमच्याकडं एक शिपाईमामा होते. चौथी शिकलेले. संध्याकाळी कुलूप लावताना मला म्हणाले, "भाई, ते कवितावालं पोरगं बघितलं का तुम्ही? सायकल दोस्ताला देऊन टाकली. मेसचा हिशेब चुकता केला. आज मला म्हणतंय, मामा, काही चुकलं असेल तर माफ करा. गावाला निघालेला माणूस आवराआवर करतो ना, तसं करतंय. पण गावाला तर निघालं नाही." मी म्हणालो, "बघू उद्या." मामा उद्यावर थांबले नाहीत. तसेच त्याच्या खोलीवर गेले, खाली बसले आणि सरळ विचारलं, "लेकरा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात आहे का तुझ्या?"

पोरगा तासभर रडला. मामा त्या रात्री घरी गेले नाहीत, तिथंच सतरंजीवर झोपले. सकाळी त्याच्या वडिलांना निरोप गेला आणि दुपारी तिघं जिल्ह्याच्या दवाखान्यात होते.

मुलगा जगला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याच्या वहीतली अक्षरं मी वाचली, आणि त्याचा चेहरा मामांनी वाचला. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आता थोडं मोठ्या चित्राकडं येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, आणि हा आकडा सगळ्या राज्यांत जास्त होता. आकडे ऐकले की माणूस सुन्न होतो आणि मग काहीच करत नाही, म्हणून मी आकड्यांत फार रमत नाही. एवढंच लक्षात घ्या की ही फक्त आयआयटीची किंवा कोटा-लातूरच्या क्लासेसची गोष्ट नाही. ती आपल्या तालुक्याच्या कॉलेजचीही आहे.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. आंध्र प्रदेशात वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं प्रकरण होतं. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठानं देशातल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या. जिथं शंभर किंवा जास्त विद्यार्थी आहेत तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची. मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहात, वर्गात, ठळक अक्षरांत लावायचे. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती सूचना अशी : शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायचं. खुणा कशा ओळखायच्या, मानसिक प्रथमोपचार कसा करायचा, पुढं कुणाकडं पाठवायचं, याचं.

शिक्षकेतर! आयुष्यभर हा शब्द आम्ही पगारपत्रकावर पाहत आलो. शिक्षक सोडून इतर, म्हणजे उरलेले. या निकालात तो शब्द पहिल्यांदा मला उरलेल्यांचा वाटला नाही. कारण प्राध्यापकासमोर विद्यार्थी नीट कपडे करून, चेहरा सावरून येतो. त्याची फी थकली हे क्लार्कला माहीत असतं. तो जेवत नाही हे मेसवाल्या मावशीला माहीत असतं. रात्री दोनला त्याच्या खोलीत दिवा जळतो हे वॉचमनला माहीत असतं. मुलगी तास बुडवून रीडिंग रूमच्या कोपऱ्यात पुस्तक न उघडता बसते, हे आम्हा ग्रंथालयवाल्यांना दिसतं. प्रत्येकाकडं एकेक तुकडा असतो. ते तुकडे एकत्र येत नाहीत, कारण आपण मुलांविषयी आपसात बोलतो ते बहुधा चेष्टेनं किंवा तक्रारीनं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक पुस्तिका काढली. सामान्य कार्यकर्त्यांसाठी, डॉक्टरांसाठी नव्हे. तिचं सार तीन क्रियापदांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. पुस्तिका पुढं माझ्या वाचनात आली तेव्हा मला हसू आलं. आमच्या मामांनी ती कुठं वाचली होती!

काय पाहायचं? एक खूण पाहून घाबरायचं नाही. परीक्षेच्या दिवसांत कोण उदास नसतो? पाहायचा तो बदल. बडबड्या गप्प झाला, नीटनेटकी मुलगी आठ दिवस त्याच कपड्यांत दिसली, हुशार मुलानं अंतर्गत परीक्षेला कोरा पेपर दिला, शांत पोरगा भांडायला लागला. अंगदुखी, डोकेदुखी, पोटदुखी या तक्रारी घेऊन कुणी वारंवार सुटी मागतो. आपल्याकडं मनाचं दुखणं अंगाच्या नावानं सांगायची रीत आहे. आणि बोलण्यातली वाक्यं ऐका. 'मला मरायचंय' असं फार थोडे म्हणतात. 'नको वाटतंय सगळं', 'माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय', 'सुटलो म्हणजे बरं', 'घरच्यांचा खर्च तरी वाचेल', हे आपल्याकडचे शब्द. वस्तू वाटून टाकणं, हिशेब मिटवणं, निरोप घेतल्यासारखं बोलणं, आणि फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक आलेली शांतता, हे दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही.

आता विचारायचं कसं? इथं बहुतेकांची जीभ अडते. आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नव्हतं ते आलं तर? ही भीती मलाही होती. तज्ज्ञ सांगतात, आणि यावर भरपूर अभ्यास झालेला आहे, की सरळ विचारल्यानं असा विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला सुटल्यासारखं होतं. जे कुणाजवळ बोलता येत नव्हतं, ते कुणीतरी स्वतःहून उच्चारलं. म्हणून खिडकीत नाही, चार जणांत नाही, बाजूला बसवून, पाण्याचा ग्लास पुढं ठेवून विचारा : "काही दिवस तुझं बिनसलंय असं वाटतंय. काय झालं?" आणि बोलण्यात तसा रोख दिसला तर स्पष्ट विचारा : "मरून जावं असं वाटतं का? तसं काही ठरवलं आहे का?" 'तू तसलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' असं विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर भरलेलं असतं. समोरचा 'नाही' म्हणतो, आपण सुटतो, तो सुटत नाही.

विचारलं की मग गप्प बसायचं. हे फार अवघड आहे हो! आपली जीभ लगेच वळवळते. 'एवढ्याशा गोष्टीला काय घेऊन बसलास', 'आमच्या वेळी तर पायात चप्पल नव्हती', 'आईबापाचा विचार कर'. आईबापाचा विचार करूनच तर तो इथवर आलेला असतो. आपण ओझं झालोय असं ज्याला वाटतं, त्याला आईबापाची आठवण देणं म्हणजे ओझ्यावर आणखी एक पोतं ठेवणं. आमच्या समाजात तर लगेच कुणीतरी म्हणतं, आत्महत्या हराम आहे. आहेच, त्यावर वाद नाही. पण धर्माचा तो हुकूम त्या पोरालाही ठाऊक असतो, आणि तो त्या क्षणी ऐकवला तर एवढंच होतं की पुढचं वाक्य तो गिळून टाकतो. त्याचं बोलणं पुरं होऊ द्या. मधेमधे 'हं' म्हणा. रडला तर रडू द्या, लगेच रुमाल पुढं करून ते थांबवायची घाई करू नका.

तो हमखास म्हणतो, "चाचा, कुणाला सांगू नका." इथं भावनेच्या भरात शपथ घेऊ नये. मी असं सांगायला शिकलो : "गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर एका-दोघांना सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच सांगेन." लहान गावात बोभाट्याचं भय मोठं असतं. मुलीच्या बाबतीत तर अधिकच. घरी कळलं की शिक्षण बंद आणि महिन्याभरात लग्न, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून धोका हातघाईवर आलेला नसेल, तर डोळे झाकून वडिलांना फोन लावण्यापेक्षा तिलाच विचारा : घरात तुझं कोण ऐकतं? कधी मावशी निघते, कधी मोठा भाऊ, कधी शाळेतल्या बाई. धोका समोर दिसत असेल तर मात्र एकटं सोडायचं नाही, माणूस बोलवायचाच. आणि घरच्यांना हळूच सांगायचं की फवारणीचं औषध काही दिवस कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी ठेवा. टोकाची घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते, त्या वेळी हाताशी काय आहे यावर फार अवलंबून असतं. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खूप खाली आलं. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत नाही. सांगायला हवी.

अजून एक भीती असते, पोलिसांची. प्रयत्न केलेल्या मुलाला दवाखान्यात न्यायलाही लोक घाबरतात. तर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी. जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ नव्या न्यायसंहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, तसं उरलेलं नाही. तेव्हा गुन्ह्याच्या भीतीनं कुणी दडवून ठेवू नये.

आता जोडून देण्याविषयी. इथं मला आमच्या भागातली एक जुनी गोष्ट आठवते. संत नामदेव आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे, असं आम्ही अभिमानानं सांगतो. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं आणि नामदेवांना भर सभेत कच्चं मडकं ठरवलं. ही कथा आपण नामदेवांचा अहंकार गेला म्हणून सांगतो. मी ती वेगळ्या बाजूनं ऐकतो. चार लोकांत कच्चा ठरलेला एक तरुण रडत पंढरपूरला जातो. पांडुरंग त्याला काय म्हणतो? 'रडू नको' एवढं म्हणून वाटेला लावत नाही, आणि 'मीच बघतो' असंही म्हणत नाही. तो पत्ता देतो. औंढ्याला जा, विसोबा खेचरांकडं. म्हणजे माझ्या गावापासून जवळच. प्रत्यक्ष देवालाही पुढचा योग्य माणूस दाखवावा लागला. मग क्लार्कनं, प्राध्यापकानं 'मी एकटा याला बरा करतो' अशी जिद्द कशाला धरावी?

आपल्याकडचे पत्ते पाहू. सगळ्यात जवळचा पत्ता फोनवर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फुकट, चोवीस तास, मराठीतही. हा क्रमांक नुसता भिंतीवर लावून भागत नाही. ज्याला उठून पाणी प्यायचीही उमेद नाही तो नंबर फिरवत नाही. आपल्या टेबलावरून, आपल्यासमोर, आपण लावून द्यायचा आणि त्याला बोलायला मोकळं सोडून दाराशी बसायचं. दुसरा पत्ता जिल्हा रुग्णालयाचा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा. केसपेपर काढायला सोबत जायचं. 'जाऊन ये' आणि 'चल, जाऊ' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे रांगेत एकट्यानं उभं राहिलेल्याला विचारा.

मानसोपचार म्हटलं की आपल्याकडं लोकांना येरवडा आठवतो. 'याला येरवड्याला धाडा' ही आपली जुनी चेष्टा. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची. त्यातलं एकही मराठवाड्यात नाही, त्यामुळं इथल्या माणसाला डॉक्टर पाहण्याआधी नुसतं भय ऐकू येतं. सांगायला हवं की बहुतेकांना भरती व्हायची गरजच पडत नाही. बोलणं, काही काळ गोळ्या, मग तपासणी. आणि कुणी आधी दर्ग्यात किंवा देवाच्या दारी जात असेल तर त्याची टिंगल करून आपण त्याला डॉक्टरपासून आणखी लांब लोटतो. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात मानसोपचाराची सोय झाली आणि तिला नावच पडलं दवा-दुआ. दोन्ही चालू द्या, पण दवा चुकवू नका, असं मुजावरांनीच सांगितलं तर ते पटतं.

आता जरा नाजूक मुद्दा. सगळं दुःख मनातलंच असतं असं नाही. पुष्कळदा ते आमच्या खिडकीतूनच निघतं. २०१५ साली लातूर जिल्ह्यात कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं जीव दिला. घरात दुष्काळ, आणि एसटीच्या पासाला पैसे नाहीत, कॉलेज बुडतंय ही घालमेल. माणूस एका कारणानं असं करत नाही, हे खरं. पण त्या गुंत्यातली एक गाठ अडीचशे-पावणेतीनशे रुपयांची होती. पुढं राज्य परिवहनानं दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांसाठी मोफत पासाची योजना आणली आणि त्या मुलीचं नाव तिला दिलं. तेव्हा समुपदेशकाची जी भाषा आपण शिकू ती शिकू, पण आधी आपल्या हातातली गाठ सोडवू. शिष्यवृत्ती अडकली तर कुठं अडकली हे पोराला नीट सांगायचं. जातवैधतेचा कागद येईपर्यंत फॉर्म रोखून न धरता प्राचार्यांकडून हमीपत्रावर मुदत मिळवायची. 'कमवा व शिका'मध्ये जागा आहे का पाहायचं. फी थकलेल्यांची यादी फलकावर नावानिशी लावायची नाही. ही यादी मीही एकदा माझ्या हातानं लावली आहे, चांगल्या अक्षरात.

आणि कधी ऐकून घेणं हीच पळवाट होते. डॉ. पायल तडवी आठवतात? जळगावची, तडवी भिल्ल या मुस्लिम आदिवासी समाजातली लेक. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. मे २०१९ मध्ये ती गेली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ होत होता आणि आपण तशी तक्रारही केली होती, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. प्रकरण न्यायालयात आहे, निवाडा न्यायालय करील. पण तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी त्याच वर्षी एकत्र सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं मागणं असं की कॉलेजांतला भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ मध्ये केलेले नियम कागदावर राहू नयेत. दोन आया, एक तडवी, एक दलित, लेकरं गमावल्यावर इतरांच्या लेकरांसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढतात, याला काय म्हणावं! जिथं छळ आहे तिथं 'मन घट्ट कर', 'ध्यान कर' हे सांगणं म्हणजे छळणाऱ्याला मदत. तिथं तक्रार लिहून घ्यायची, आवक क्रमांक टाकायचा, पोच द्यायची आणि ती कपाटात झोपू द्यायची नाही. आवक-जावकच्या टेबलावरचा माणूस इथं प्राचार्यांइतकाच महत्त्वाचा असतो.

कुणी म्हणेल, या सगळ्याला वेळ कुठं आहे? खरं आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या, म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या, चार जिल्ह्यांतल्या कितीतरी कॉलेजांत जागा रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक चाळिशी गाठतो, लग्न जमत नाही, मानधन महिनोन्महिने थकतं, तो स्वतःच कुणाजवळ बोलावं या चिंतेत. त्याचंही कुणी ऐकायला हवं, आणि मला वाटतं ज्या स्टाफरूममध्ये एकमेकांची विचारपूस होत नाही तिथं मुलांची होणं अवघडच. पण मामांना त्या संध्याकाळी कुठं वेळ होता? त्यांची म्हैस धार काढायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी ते तिचीच काळजी करत होते.

दवाखान्यातून परतलेल्या मुलाविषयी एक सांगायचं राहिलं. तो परत आला की सगळे त्याच्याकडं काचेच्या भांड्यासारखं पाहतात, नाहीतर पाहतच नाहीत. दोन्ही वाईट. गोळ्यांनी सकाळी झोप येते, पहिला तास बुडतो, त्याची हजेरीत सोय लावावी. त्याला साधं काम द्यावं. आमच्या त्या मुलाला मामांनी रीडिंग रूममधल्या वर्तमानपत्रांच्या काड्या लावायचं काम दिलं होतं. रोज सकाळी दहाला यायचं, पेपर लावायचे, जुने काढायचे. तो पुन्हा रोज कुठंतरी वेळेवर येऊ लागला. औषधाचं श्रेय औषधाला, पण त्या काड्यांचंही थोडं असावं असं मला वाटतं. एक वर्ष वाया गेलं, मग बी.ए. झाला.

मामा आता नाहीत. तो मुलगा मागच्या हंगामात बाजारात भेटला. हळद घेऊन आला होता, सोबत पाच-सहा वर्षांची मुलगी. चहा घेतला. मी म्हणालो, "तुझी वही माझ्याकडंच आहे रे. नेतोस का?" तो हसला. "राहू द्या चाचा. मामांना दाखवली असती तर बरं झालं असतं, पण त्यांना वाचता कुठं नीट येत होतं." मग त्यानं मुलीला उचलून टेम्पोत बसवलं आणि विचारलं, "तुम्ही सगळी वाचली होती का?"

मी म्हणालो, "तेव्हा नाही."